भरून पाठवलेली गाडी

माझ्या गाडीचा ब्रेक लागेना, आणि त्याचं कारण एवढंच की माझ्या माहेरच्या माणसांची माझ्यावर माया आहे. हसू नका. मला त्या दिवशी हसू आलं नव्हतं आणि आजही येत नाही.

मी सारिका. पाटणपासून खेराडीच्या सड्यापर्यंत वडाप चालवते. जीप जाऊन बॅटरीवरची नऊ माणसांची गाडी आली, तरी आमच्याकडे तिला वडापच म्हणतात आणि नवाच्या जागी चौदा बसतात. सडा म्हणजे घाट चढून गेल्यावरचं वाऱ्यानं झोडपलेलं पठार. तिथं माझं माहेर. सड्यावर पवनचक्क्या आहेत. पूर्वी त्यांची वीज तारांमधून लांब कुठंतरी जायची आणि खाली गावात दिवे गेलेले असायचे. मग कायदा बदलला. ज्याच्या रानात चक्की, त्याला तिच्या पायथ्याशी चार्जर मिळाला. तेव्हापासून सड्यावर एक नवीच रीत पडलीय. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याची गाडी चार्जरला लागते. लेक सासरी निघाली की तिची गाडी काठोकाठ भरून द्यायची. आधी पोतंभर तांदूळ द्यायचे, आता बॅटरी. थोडी जरी कमी भरलेली गाडी दारातून गेली, तर आळीतल्या चार बायका महिनाभर बोलतात.

आणि हीच रीत एक दिवस घाटात माणसं मारणार, हे मी घसा फोडून सांगत होते.

यातलं शास्त्र काही अवघड नाही. या गाड्या उतारावर थांबतात त्या ब्रेकच्या चकत्यांनी नाही, मोटरनं. आपण पेडल दाबलं की मोटरचं काम उलटं होतं. ती चाकं फिरवायचं सोडून देते आणि चाकंच तिला फिरवतात. ती वीज तयार करायला लागते, गाडीचा सगळा जोर त्या विजेत जातो, वीज बॅटरीत जाते आणि गाडी हळू होते. फुकटची वीज आणि वर ब्रेक. पण वीज जायला बॅटरीत जागा पाहिजे. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतता येत नाही. हंडा भरलेला असला तर मोटर वीज घेत नाही, वीज घेतली नाही तर चाकांना कुणी अडवत नाही, आणि पेडल दाबणारा माणूस नुसता दाबत राहतो.

तुम्ही म्हणाल, चकत्या असतीलच की. असतात, नावाला. शहरांत ब्रेकची भुकटी उडून लोकांची फुप्फुसं खराब होतात, हे सिद्ध झालं. खरंच होतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणून कायदा आला की चकत्या कमीत कमी घासल्या पाहिजेत. कंपन्यांना तेच हवं होतं. ताटाएवढी चकती वाटीएवढी झाली. सिग्नलला शेवटचे चार हात गाडी थांबवायला ती पुरते. पहिल्या गाड्यांत टपावर एक जाळी असायची, जास्तीची वीज तिथं तापून उडून जायची. नव्या गाडीत वजन वाचवायला तीही काढली. ज्यांनी काढली त्यांच्या शहरात सगळ्यात उंच चढ म्हणजे उड्डाणपूल. आमच्या घाटाचा विचार करायला त्या सगळ्या हुशार लोकांत एकालाही वेळ मिळाला नाही.

म्हणून आम्ही घाटातले ड्रायव्हर वरती गाडी कधी भरत नाही. पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबवतो. मी त्या रात्री माहेरी मुक्कामाला होते, तेव्हाही पंच्याऐंशीची खूण लावूनच झोपले होते.

सकाळी वहिनीच्या हाकेनं उठले. आई चुलीपुढं बसली होती, एक हात छातीवर, कपाळावर घाम. "काय न्हाई गं, पित्त झालंय," म्हणाली. तिचा डावा हात जड पडला होता. मी अॅम्ब्युलन्सला फोन केला. ती वर येऊन परत खाली जायची म्हणजे सगळी सकाळ गेली असती. फोनवरची बाई म्हणाली, तुम्ही उतरा, आम्ही घाटाच्या पायथ्याला नाक्यावर थांबतो. दादानं आईला उचलून मधल्या सीटवर ठेवलं आणि तिच्याशेजारी बसला. वहिनीनं चार्जरची वायर काढून दिली. मी गाडी सुरू केली आणि निघाले.

समोरच्या काचेवर एक छोटं हिरवं पान असतं. मोटर वीज परत घेत असली की पान उजळतं. ते त्या दिवशी विझलेलं होतं. गाडीला ब्रेक नाही, हे सांगायला कंपनीनं पानाचं चित्र ठेवलं होतं! एरवी निघताना मी आकडा बघते आणि जास्त भरली असली तर आधी सड्यावर फिरवून कमी करते, पण त्या दिवशी माझं लक्ष आरशातल्या आईच्या तोंडाकडं होतं.

पहिल्या वळणाला पेडल दाबलं तर गाडी जराशी अडली आणि पुढं सरकतच राहिली. चाकांतून घासल्याचा आवाज आला. वाटीएवढ्या चकत्या एकट्याच काम करत होत्या. मी वळण कसंबसं काढलं. दुसऱ्या वळणाच्या आधी जळका वास आला आणि पेडल दाबून काहीच होईना. चकत्या तापून निकामी झाल्या होत्या. हातब्रेकचं बटण दाबलं. तोही त्याच चकत्यांना धरतो, त्याचा काय उपयोग होणार?

"सारे, हळू!" दादा ओरडला.

"हळू होत न्हाई! आईला धर!"

डाव्या हाताला डोंगर होता. त्याच्या कडेला गेल्या पावसात कोसळलेल्या दरडीची माती पडली होती. ठेकेदारानं ती उचलतो म्हणून वर्षभर सांगितलं होतं आणि उचलली नव्हती. मी गाडी त्या ढिगात घातली. बाहेरचा आरसा तुटला, पत्रा कापत गेला, आणि गाडी नाक खुपसून उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा मी एका कामचुकार माणसाचे आभार मानले.

दादा उतरला आणि पुढच्या चाकाखाली अडकण म्हणून दगडाची उटी लावली. मग दोघांनी आईकडं बघितलं. तिचे डोळे उघडे होते, श्वास तोकडा चालला होता.

"पोचलो का?" तिनं विचारलं.

मी काचेवरचा आकडा बघितला. शंभर.

मी कंपनीला फोन लावला. यंत्राचा आवाज, साखरेत घोळलेला. "नमस्कार सारिकाजी. आपल्या वाहनाची बॅटरी शंभर टक्के भरलेली आहे. अभिनंदन!"

"ब्रेक लागत न्हाई. घाटात अडकलेय. पेशंट आहे गाडीत."

"बॅटरी पूर्ण भरलेली असताना मोटरद्वारे गतिरोध उपलब्ध नसतो. कृपया वाहन सपाट व सुरक्षित जागी लावा आणि काही ऊर्जा वापरली जाण्याची वाट पाहा."

"अगं भवाने, सपाट जागा असती तर तुला फोन कशाला केला असता?"

"आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे."

फोन मी सीटवर आपटला. मग दादाकडं वळले. तो चाकाशी उकिडवा बसला होता.

"शंभर कुणी केली?"

त्यानं उटीचा दगड आणखी आत सारला.

"मी पंच्याऐंशीला लावली होती. कितीदा सांगितलंय तुला? शंभर कुणी केली?"

"केली असंल," तो खाली बघत म्हणाला. "बहिणीची गाडी अर्धी कशी पाठवायची?"

"पंच्याऐंशी म्हंजे अर्धी?"

"आता भांडत बसतीस का आईला न्यायची काय ती सोय बघतीस?" तो उठला. "मी उटी घेऊन पुढं चालतो. तू वाईच सोड, मी लावतो. वाईच सोड, मी लावतो. असं करत उतरू."

अख्खा घाट? माणसाच्या डोक्यात असलं काही येतं तेव्हा त्याच्या धाडसाचं कौतुक करावं की त्याच्या कानाखाली द्यावी, मला कळत नाही. एवढी जड गाडी एकदा सुटली की दगडावरून उडी मारते, आणि दगड लावणाऱ्यावरूनही. गाडीला ब्रेक हवा असेल तर बॅटरीत जागा करायला हवी. जागा करायची तर वीज खर्च करायला हवी. आणि वीज सगळ्यात जास्त कशात खर्च होते? चढात.

"बस," मी म्हणाले. "न्हाई, बसू नको. पुढं थांब. मी रिव्हर्समध्ये वर नेते."

"वर?" त्याचा आवाज फाटला. "दवाखाना खाली हाय, सारे!"

"माहीत आहे मला कुठं आहे!"

त्याला समजावायला मला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. तिथं गाडी वळवायला जागा नव्हती. पहिल्या वळणावर रस्ता रुंद आहे, तिथपर्यंत उलटं जायला हवं होतं. मोटर वर ढकलते, तेवढं काम ती इमानानं करते. पण मधे कुठं थांबलं आणि गाडी पुढं घसरली, तर तिला धरायला उटीशिवाय काही नव्हतं. म्हणजे गाडीच्या नाकासमोर, उताराच्या बाजूला, दगड घेऊन चालणारा माणूस पाहिजे होता. म्हणजे गाडी सुटली तर पहिला तोच जाणार होता.

हे त्यालाही कळलं. त्यानं दगड उचलून पोटाशी धरला आणि मान हलवली.

मातीतून गाडी निघाली आणि मागं मागं वर जायला लागली. मी मागच्या कॅमेऱ्यात रस्ता बघत होते आणि दर क्षणाला समोर त्याला. घामानं शर्ट चिकटलेला, तोंड उघडं, दगड पोटाशी, डोळे चाकावर. चिडलेल्या माणसाला ज्याचं तोंड बघायचं नसतं, तेच मला काचेतून दिसत होतं.

वळणावर पोचलो. त्यानं उटी लावली. मी चाक वळवलं, तो बाजूला झाला, गाडीचं तोंड वर झालं. तो दगडासकट आत चढला. आकडा अठ्ठ्याण्णव.

"झाली की जागा," तो म्हणाला. "चल खाली."

"दोन टक्क्यांत निम्मा घाट उतरतो. उरलेला कशावर उतरायचा? आणि काठाला आली की मोटर पुरती धरत न्हाई. चौऱ्याण्णव पाहिजे."

मी हिटर पूर्ण सोडला, दिवे लावले, सगळ्या काचा खाली केल्या आणि गाडी परत सड्यावर घेतली. आमच्या घरावरून पुढं, पवनचक्क्यांच्या रांगेला लागून, सगळ्यात वरच्या टेपाडाकडं. दारात उभी असलेली वहिनी धावत रस्त्यावर आली. शेजारचे अप्पा ओरडले, "आरं, दवाखाना तिकडं हाय!" मी हॉर्नवर हात ठेवून तशीच गेले. सगळ्या गावानं बघितलं की सारिका छातीत कळ आलेल्या आईला डोंगराच्या टोकावर घेऊन चाललीय.

शहाण्णव.

आईच्या तोंडातून आवाज आला. कण्हणं नव्हतं ते, नुसता श्वास अडखळत होता. दादानं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"वळव," तो म्हणाला. "बास झालं. वळव."

"अजून न्हाई."

"ती मरंल!"

"आणि दरीत पडल्यावर?"

"तुझ्या मनात जिमीन हाय," तो म्हणाला. "म्हणून आईला फिरवतीस रानोमाळ. आमच्या हातनं ती गेली म्हणायला तुला बरं."

हो, माझ्या मनात जमीन होती. बाबा गेले तेव्हा मी हक्कसोडपत्रावर सही केली. सगळ्याच बहिणी करतात. नाही केली तर माहेर तुटतं, असं सांगतात. सही झाल्यावर मला एक साडी मिळाली. पुढं त्याच रानात चक्की उभी राहिली, आणि मग मी आले की भरलेली गाडी मिळायला लागली. मागितलं ते कधी द्यायचं नाही आणि जे द्यायचं ते काठोकाठ, नको म्हटलं तरी. मी म्हणत होते पंच्याऐंशी. माझं ऐकलं असतं तर आई आत्ता अॅम्ब्युलन्समध्ये असती.

हे सगळं मी त्याला म्हणाले. मोठ्यानं, वाऱ्यावर ओरडून, आई मधे पडलेली असताना. त्यानं एका शब्दानं उत्तर दिलं नाही. त्याचा मला आणखी राग आला.

टेपाडावर चक्कीची पाती डोक्यावरून भिरभिरत होती. पंच्याण्णव. मी गाडी टेपाडाला वळसा घालून पुन्हा चढवली. आईनं माझ्याकडं बघितलं नाही, मी आरशातून तिच्याकडं बघत राहिले. एक टक्का कमी व्हायला किती वेळ लागतो, ते मला कुणी विचारू नये. उतरावंसं वाटत होतं. हातपाय उताराकडं वळत होते. पण पहिल्या वळणाला दबलेलं पेडल अजून तळपायाला जाणवत होतं आणि मी गाडी चढवतच राहिले.

चौऱ्याण्णव झाले.

घराकडं येताना मी पेडल हलकेच दाबून बघितलं. हिरवं पान उजळलं. मोटर गुरगुरली, गाडी मऊ अडली. त्या आवाजासाठी मी त्या दिवशी काहीही दिलं असतं. घाटाला लागलो. पहिलं वळण, दुसरं वळण, मातीच्या ढिगात आमचा तुटलेला आरसा. चकत्यांना मी हात लावला नाही. मोटरच्या जोरावर, हळू, एकाच वेगात, शेवटच्या वळणापर्यंत. आकडा हळूहळू परत चढत होता आणि मी त्याच्याकडं शत्रूकडं बघावं तशी बघत होते. नाक्यावर पोचलो तेव्हा सत्त्याण्णव झाले होते. सपाट रस्त्यावर गाडी आपोआप थांबली.

अॅम्ब्युलन्सच्या पोरांनी आईला उचललं, तोंडावर मास्क लावला आणि दार बंद केलं. आम्ही मागून कऱ्हाडला गेलो.

डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, वाचल्या. रक्ताची गाठ काढली. हृदयाचा थोडा भाग मात्र कायमचा गेला, चढ-उतार, ओझं, सगळं बंद. "अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर तेवढंही झालं नसतं," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडं गेले.

दादानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं. पाऊण तास. आता जन्मभर तो म्हणणार, तू वर नेलीस म्हणून. मी म्हणणार, तू भरलीस म्हणून. गाव त्याच्या बाजूनं बोलणार, कारण गावानं मला वर जाताना बघितलंय, आणि बॅटरीतली जागा कुणाला डोळ्यांनी दिसत नाही. ज्यांनी टपावरची जाळी काढली, त्यांना कुणी काही विचारणार नाही. त्यांच्यापर्यंत आमचा अभिप्राय पोचणार, मोलाचा.

दुपारी आईला भेटायला एकेकाला सोडलं. आधी दादा जाऊन आला आणि बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसला. मग मी गेले. नळ्या लावलेल्या, तोंड सुकलेलं, पण डोळ्यांत जान होती.

"त्याला लई बोललीस," ती म्हणाली.

"बोलले. अजून बोलणार आहे."

"त्याला नको बोलू." तिनं श्वास घेतला. "मी सांगितलं हुतं. रातच्याला तू झोपल्यावं. तो न्हाई म्हणत हुता, सारी रागावती म्हणाला. मी म्हनलं, लेकीची गाडी हाय, भर सगळी."

मला कळेना ती काय सांगतेय.

"तू?"

"दरवेळी मीच सांगते. तो बिचारा कशाला करंल? जिमिनीत तुला काय देता आलं न्हाई. माझ्या हातात काय हुतं तवा? म्हनलं, वारं काय कुणाच्या नावावर न्हाई. तेवढं तरी पोरीला भरून द्यावं."

माझ्या डोळ्यांपुढं तो दिसला, काचेपलीकडं, दगड पोटाशी धरून चालणारा. मी तोंडाला येईल ते बोलले होते आणि आई त्याच्या मांडीवर होती म्हणून त्यानं सगळं गिळलं होतं. आणि तरी माझा राग गेला नाही. उलट इतकी वर्षं ज्या ठिकाणी जायला त्या रागाला वाट नव्हती, तिथं तो सरळ गेला. आईवर मी कधी चिडले नव्हते. तिच्यावर कुणीच चिडत नाही, ती सगळ्यांचं सोसते ना!

"मला वारं नको होतं!" मी ओरडले. "आई, मला नको होतं वारं! मी सही करत होते तेव्हा तू शेजारी बसली होतीस. एकदा म्हणायचं होतंस, हिचंही आहे म्हणून. जमीन मिळाली नसती तरी चाललं असतं. एकदा तोंड उघडायचं होतंस. आणि आता मरायला निघालीस, मला सगळं भरून देऊन?"

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. नर्स धावत आली आणि तिनं माझा दंड धरला. "ताई, बाहेर चला. पेशंटला त्रास होतोय."

"होऊ दे," आई म्हणाली. तिनं नळी लावलेला हात उचलून नर्सला थांबवलं. "हितंच राहू दे तिला. बोल गं तू. आजून काय काय हाय ते बोल."

आणि मी तिथंच उभी राहून बोलत राहिले.